लग्नानंतरचं नाव कागदोपत्री बदलताना

लग्न झालं म्हणून नाव आपोआप बदलत नाही, आणि बदलायलाच हवं असा कोणताही कायदा भारतात नाही. हे आधीच सांगते, कारण "लग्न झालंय ना, मग नवीन नावाचं आधार आणा" असं कुठल्याही काउंटरवर बिनदिक्कत ऐकवलं जातं. अमुक दिवशी या दोघांचं लग्न झालं, एवढंच विवाह नोंदणी प्रमाणपत्र सांगतं. त्याच्या आधारावर पतीचं आडनाव लावता येतं, लावावंच लागतं असं नाही. माहेरचं नाव ठेवायचं असेल तर पत्ता, वैवाहिक स्थिती आणि नॉमिनी तेवढे बदलून घ्या आणि मोकळ्या व्हा. बदलायचं ठरलं, तर मात्र मध्येच सोडू नका. आधारवर नवीन नाव, पॅनवर जुनं आणि पासबुकावर 'सौ.' लावलेलं तिसरंच काहीतरी, अशी अवस्था दोन्हीपेक्षा वाईट. त्रास बदलण्याचा नसतो, तो या मधल्या अवस्थेचा असतो.

कुठल्याही कार्यालयात जाण्याआधी घरीच एका कोऱ्या कागदावर नवीन नाव लिहायचं, मराठीत आणि इंग्रजी स्पेलिंगसकट, अक्षर न् अक्षर ठरवून. हे बिनमहत्त्वाचं वाटतं, पण पुढची निम्मी डोकेदुखी इथेच वाचते. समजा 'सायली रमेश देशपांडे' हिला 'सायली अमोल कुलकर्णी' व्हायचं आहे. सायलीच्या शेवटी 'आय' की 'डबल ई'? अमोलच्या सुरुवातीला एक 'ए' की दोन? पतीच्या आधारवर त्याच्या नावाचं जे स्पेलिंग आहे तेच घ्यायचं, आपल्याला बरोबर वाटतं ते नाही. मधलं नाव पतीचं लावायचं की वडिलांचंच ठेवून फक्त आडनाव बदलायचं? की 'देशपांडे-कुलकर्णी'? दोन आडनावं लावायला माझी ना नाही, पण मधली जोडरेघ काही संगणकीय प्रणाली स्वीकारत नाहीत. मग एका ठिकाणी रेघ, दुसरीकडे मोकळी जागा आणि तिसरीकडे दोन्ही शब्द चिकटून, असं होतं. दोन आडनावं हवीच असतील तर रेघ न घालता मध्ये जागा सोडून लिहिणं सोयीचं.

प्रत्येक ठिकाणचे रकाने वेगळे असतात, हेही याच कागदावर पाहून घ्यायचं. आधारवर नाव एका ओळीत सलग येतं. पॅनच्या अर्जात आडनाव, पहिलं नाव, मधलं नाव असे तीन रकाने असतात. पासपोर्टला दोनच: आडनाव आणि 'गिव्हन नेम'. आपल्याकडचं तीन पदरी नाव तिथे बसवताना 'सायली अमोल' दुसऱ्या रकान्यात आणि 'कुलकर्णी' आडनावात जातं. सौ., श्रीमती, डॉ. यातलं काहीही नावाच्या रकान्यात लिहायचं नाही. आणि आद्याक्षरं नकोत. पॅनला पहिलं नाव आणि आडनाव पूर्णच लागतं.

आता विवाह नोंदणी. महाराष्ट्रात धार्मिक पद्धतीने झालेल्या लग्नाची नोंद १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमाखाली होते. शहरात महापालिकेच्या प्रभाग किंवा क्षेत्रीय कार्यालयात, गावात ग्रामपंचायतीत. लग्नापासून ९० दिवसांत ज्ञापन, म्हणजे नोंदणीचा ठरावीक अर्ज, द्यायचा असतो, नंतर दिलं तर दंड भरून नोंद होते. ज्ञापनावर पती, पत्नी, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे भटजी किंवा काझी यांच्या सह्या लागतात. भटजींची सही मांडवातच घेऊन ठेवा. लग्नाच्या हंगामात त्यांना नंतर गाठणं हे स्वतंत्र काम होऊन बसतं. वयाचा आणि राहण्याचा पुरावा, लग्नपत्रिका, विधीचा फोटो, कोर्ट फी स्टॅम्प आणि साक्षीदारांची ओळखपत्रं हा नेहमीचा संच. कोर्ट मॅरेज म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालचं लग्न असेल, तर ३० दिवसांच्या नोटिशीनंतर विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न लागतं आणि प्रमाणपत्र तिथेच मिळतं. त्याची पुन्हा वेगळी नोंदणी लागत नाही.

प्रमाणपत्र हातात आलं की तिथेच उभं राहून वाचायचं. तुमचं लग्नापूर्वीचं नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी आणि जुन्या आधारशी जुळतंय का, पतीचं नाव त्याच्या आधारशी जुळतंय का, लग्नाची तारीख बरोबर आहे का, एवढं तरी. पुढचं प्रत्येक कार्यालय याच कागदावरून जुनं नाव आणि नवीन नाव जोडणार असतं. इथे एका अक्षराची चूक राहिली तर ती सगळीकडे आडवी येते. दुरुस्तीही याच कार्यालयात होते आणि ताबडतोब सांगितली तर बरीच सोपी जाते. साक्षांकित प्रती एकाच वेळी तीन-चार मागून घ्या.

यानंतर प्रश्न येतो राजपत्राचा, म्हणजे शासनाच्या गॅझेटमध्ये नावबदल छापून घेण्याचा, आणि इथे सल्ले देणारे फार. फक्त आडनाव आणि मधलं नाव बदलत असेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, बँक या सगळ्यांना साधारणपणे विवाह प्रमाणपत्र पुरतं, कारण नवीन आडनाव कुठून आलं ते त्यावर दिसतं. राजपत्र लागतं ते मुख्यतः दोन प्रसंगी. एक, पहिलं नावही बदललं असेल तर. तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव कागदावर आणायचं असेल तर विवाह प्रमाणपत्रात त्याचा मागमूस नसतो. 'सायली'ची 'मृण्मयी' कशी झाली, याला पुरावा राजपत्राचाच. दोन, सरकारी किंवा निमसरकारी नोकरी असेल आणि सेवापुस्तकात नाव बदलताना कार्यालय राजपत्र मागत असेल तर. डॉक्टर, वकील, सीए यांनी आपापल्या परिषदेकडे काय लागतं ते आधी विचारावं. तिथल्या नोंदणीतलं नाव बदलेपर्यंत जुन्याच नावाने काम करायचं असतं.

महाराष्ट्र शासन राजपत्रातल्या नावबदलाचं काम शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालय पाहतं. अर्ज ऑनलाइन होतो. जुनं नाव, नवीन नाव, बदलाचं कारण, पत्ता, जुन्या नावाचं ओळखपत्र, विवाह प्रमाणपत्र, फोटो आणि सही हे सगळं स्कॅन करून चढवायचं. अर्जात टंकलेलं जसंच्या तसं छापून येतं, म्हणून शुल्क भरण्याआधी घरातल्या दुसऱ्या माणसाकडून नाव मोठ्याने वाचून घ्यावं. आपलंच नाव आपण वाचत नाही, ते बरोबर असणार असं गृहीत धरतो. छापून आल्यावरची दुरुस्ती म्हणजे नवा फेरा. राजपत्राचा अंक डाउनलोड केल्यावर आपली ओळ असलेलं पान तेवढं छापून ठेवू नका. ज्यावर राजपत्राचं शीर्षक, भाग आणि तारीख आहे ते पहिलं पानही सोबत हवं. नुसतं आतलं पान दिलं की "हे कशातलं आहे?" असा प्रश्न येतो, आणि तो रास्त असतो.

वर्तमानपत्रातली 'मी माझे नाव बदलले आहे' ही जाहिरात म्हणजे राजपत्र नव्हे. काही एजंट तीच जाहिरात आणि नोटरीचं प्रतिज्ञापत्र देऊन पैसे घेतात आणि पॅन-आधारच्या टप्प्यावर ते कागद परत येतात. प्रतिज्ञापत्राचा उपयोग वेगळा आहे: 'अमुक आणि तमुक या दोन्ही नावांची व्यक्ती मीच' हे सांगण्यापुरता. स्पेलिंगमधला किरकोळ फरक त्याने भरून निघतो, नाव बदलत नाही. आणखी एक. महाराष्ट्रात १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरची कामं ऑक्टोबर २०२४ पासून ५०० वर गेली, पण सरकारी कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. ते साध्या कागदावर चालतं. स्टॅम्प विक्रेता आपण होऊन हे सांगणार नाही.

कागदांचा क्रम म्हणाल तर आधी आधार, मग पॅन, मग बँक, आणि त्यानंतर बाकीचं. यामागे कारण आहे. पॅनचा बदल आधारच्या ई-केवायसीने, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवून, करायचा तर नाव थेट आधारवरून उचललं जातं. बँक केवायसीसाठी पॅन आणि आधार दोन्ही बघते. पीएफ, म्युच्युअल फंड, डीमॅट हे पुन्हा या तिघांवर टेकलेले. बँकेपासून सुरुवात केली तर बँक तुम्हाला मागे पाठवते, आणि पॅनपासून केली तर आधारशी न जुळणारं पॅन तयार होतं.

आधारचा नावबदल केंद्रावर जाऊन करून घ्यावा. मूळ विवाह प्रमाणपत्र, आणि जवळ असू द्यावं म्हणून जुन्या नावाचं फोटो असलेलं एखादं ओळखपत्र. १ ऑक्टोबर २०२५ पासून अशा बदलाला ७५ रुपये लागतात. नाव आणि पत्ता एकाच वेळी बदलला तर तो एकच बदल धरला जातो, म्हणून सासरच्या पत्त्याचा पुरावा हाताशी असेल तर दोन्ही एकदमच उरका. अडचण अशी की नव्या नवरीच्या नावावर त्या घरात ना वीजबिल असतं ना भाडेकरार, आणि विवाह प्रमाणपत्र हा काही पत्त्याचा पुरावा नाही. त्यासाठी 'कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून पत्ता' ही सोय आहे. पतीचा आधार क्रमांक आणि नात्याचा पुरावा म्हणून विवाह प्रमाणपत्र देऊन ऑनलाइन विनंती करायची, आणि पतीने त्याच्या लॉगिनमधून ३० दिवसांत मान्यता द्यायची. त्याने ती दिली नाही तर विनंती रद्द होते आणि शुल्क जातं. नवऱ्याच्या फोनवर आलेला संदेश त्याने वाचलाय का, हे विचारायचं काम अर्थात तुमचंच.

केंद्रावर तुमच्याकडे तोंड करून ठेवलेला एक दुसरा पडदा असतो. बहुतेक जणी त्याकडे बघत नाहीत, कारण ऑपरेटर घाईत असतो आणि मागे रांग असते. तिथे थांबायचं. इंग्रजी नाव टंकलं की खालची मराठी ओळ संगणक स्वतःच तयार करतो, आणि तिथे 'कुलकर्णी'चं 'कुलकर्नी', 'अमोल'चं 'आमोल', 'मृण्मयी'चं तर काहीही होऊ शकतं. इंग्रजी बरोबर आहे म्हणून ऑपरेटर पुढे जातो, आणि मराठी ओळ चुकलेलं आधार घरी येतं. मराठी ओळ ऑपरेटरला हाताने दुरुस्त करता येते, फक्त सांगावं लागतं. पोचपावती मिळाली की तिच्यावरही दोन्ही ओळी वाचायच्या. एवढी काळजी कशासाठी? आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. लग्नानंतरच्या बदलात एक संधी गेली, चुकलेलं स्पेलिंग सुधारण्यात दुसरी गेली, की पुढे कधी नाव परत बदलायची वेळ आली तर राजपत्र घेऊन, अपवाद म्हणून मंजुरी मागत बसावं लागतं. ती वेळ कुणावर येऊ नये, पण येते, म्हणून दुसरी संधी शिल्लक ठेवलेली बरी.

पॅनचा क्रमांक बदलत नाही, बदलते ती फक्त माहिती. त्यासाठी नवीन पॅनचा अर्ज चुकूनही भरायचा नाही, नाहीतर एका व्यक्तीला दोन पॅन होतात आणि तो दंडाचा विषय आहे. भरायचा तो दुरुस्तीचा अर्ज, प्रोटियन किंवा यूटीआयआयटीएसएल या पॅनचं काम पाहणाऱ्या संस्थांच्या संकेतस्थळावरून. या अर्जात बदल हव्या असलेल्या रकान्याच्या डावीकडे एक छोटी चौकट असते. तिच्यात खूण केली नाही तर रकान्यात काहीही लिहा, बदल होत नाही आणि जुन्याच नावाचं चकचकीत नवीन कार्ड घरी येतं. दुसरी हमखास चूक म्हणजे 'वडिलांचे नाव' या रकान्यात पतीचं नाव घालणं. पॅनवर पतीचं नाव येत नाही. लग्न झालेल्या बाईच्याही कार्डावर वडिलांचं नाव राहतं, त्यामुळे तो रकाना जसा आहे तसाच ठेवायचा. आधार ई-केवायसीचा मार्ग घेतला तर कागद पाठवावे लागत नाहीत, पण कार्डावर फोटोही आधारचाच येतो. आधारचा फोटो कसा असतो ते सगळ्यांना ठाऊक आहेच. चांगला फोटो हवा असेल तर कागद स्कॅन करून जोडायचा पर्याय निवडा. पॅनच्या पुराव्यांच्या यादीत विवाह प्रमाणपत्राच्या बरोबरीने लग्नपत्रिकेचंही नाव दिसत आलेलं आहे. प्रमाणपत्र असताना त्या भानगडीत पडू नये, पण पत्रिकेच्या दोन-चार प्रती जपून ठेवायला हरकत नाही.

पॅनचा बदल विवरणपत्र भरायच्या ऐन दिवसांत काढू नका. आयकर पोर्टलवर परताव्यासाठी बँक खातं पडताळावं लागतं, आणि खात्यावरचं नाव पॅनच्या नावाशी जुळलं नाही तर ती पडताळणी अडते. पॅन नवीन झालं आणि बँक जुन्या नावावर राहिली, की रिटर्न भरूनही परतावा लटकतो. जुलै महिना टाळावा, किंवा पॅन आणि बँक दोन्ही लागोपाठ उरकावेत.

बँकेत अर्ज, विवाह प्रमाणपत्र, नवीन आधार, नवीन पॅन आणि नमुना सही द्यावी लागते. नाव ग्राहक क्रमांकाला बदलतं, त्यामुळे त्या क्रमांकाखालची बचत, आवर्ती, मुदत ठेव अशी सगळी खाती एकदम नवीन नावावर यायला हवीत. पण जुन्या शाखेत वेगळा ग्राहक क्रमांक पडलेला असेल तर तिथलं खातं मागेच राहतं. तेव्हा 'माझ्या नावावर किती ग्राहक क्रमांक आहेत' हे स्पष्ट विचारा. लॉकरचा करार वेगळा, तो वेगळा सांगावा लागतो. छापील नावाचं नवीन चेकबुक मागवा. सहीबद्दल माझं मत असं की ती शक्यतो बदलू नये. सहीत आडनाव स्पष्ट येत नसेल तर जुनीच सही नव्या नावाला चालते, आणि कर्जाचे हप्ते, एसआयपी, विमा यांच्या आधी दिलेल्या अधिकारपत्रांवरची सही जुळत राहते.

याच ओघात आहेराच्या चेकचं सांगायला हवं. लग्नात मिळणारे चेक नातेवाईक कौतुकाने 'सौ. सायली अमोल कुलकर्णी' या नावाने लिहून आणतात, आणि त्या नावाचं खातं अजून जगात कुठेच नसतं. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो, तेवढ्यात आधार-पॅन-बँक असा सगळा प्रवास होईलच याचा भरवसा नाही. पत्रिका वाटतानाच जवळच्यांच्या कानावर घालावं की चेक जुन्या नावाने द्या, किंवा सरळ खात्यात टाका.

नोकरी असेल तर पॅन बदललं की लगेच मनुष्यबळ विभागाला कळवायचं, कारण पगारातून कापलेला कर पॅनवर जमा होतो आणि कंपनी देते त्या करकपातीच्या प्रमाणपत्रावर नाव तिथूनच येतं. नावबदलाची नोंद घेतल्याचं एक साधं पत्र कंपनीकडून मागून ठेवा. पुढची नोकरी घेताना आधीची अनुभवपत्रं आणि आत्ताचं आधार यांच्यातला दुवा म्हणून ते उपयोगी पडतं. पीएफचं काम जानेवारी २०२५ पासून बरंच हलकं झालंय. आधारने पडताळलेला यूएएन (पीएफचा कायमचा सदस्य क्रमांक) असेल तर नाव, वैवाहिक स्थिती, पतीचं नाव हे बदल सदस्याला स्वतः ऑनलाइन करता येतात. मात्र यूएएन १ ऑक्टोबर २०१७ पूर्वीचा असेल तर कंपनीची मान्यता लागते. जुनी कंपनी बंद पडली असेल तर हे काम रखडतं, म्हणून पैसे काढायची वेळ येईपर्यंत थांबू नये. नाव बदलो न बदलो, नॉमिनेशन मात्र नव्याने भरायचं. पीएफच्या नियमाप्रमाणे, कुटुंब नसताना केलेलं नॉमिनेशन कुटुंब झाल्यावर आपोआप रद्द ठरतं. लग्नाआधी भावाचं किंवा मैत्रिणीचं नाव टाकलं असेल तर ते आता नावापुरतंच आहे.

म्युच्युअल फंडात आधी केवायसी नोंदणी संस्थेकडे नाव बदलायचं, मग फोलिओत, म्हणजे फंडाकडच्या आपल्या खात्यात. उलट्या क्रमाने केलं तर फोलिओतला अर्ज परत येतो.

पासपोर्टचा प्रश्न मात्र तारखांशी बांधलेला असतो. लग्नानंतर लगेच परदेशी जायचं असेल तर तिकीट आणि व्हिसा जुन्या नावाने, जुन्या पासपोर्टवरच काढा, नाव परत आल्यावर बदला. पासपोर्टवर नावात नुसती दुरुस्ती होत नाही. 'रिइश्यू'चा अर्ज करायचा, वैयक्तिक माहितीतला बदल हे कारण द्यायचं, आणि नवीन क्रमांकाचा पासपोर्ट येतो. ३६ पानांना १५०० रुपये, ६० पानांना २०००, तत्काळला वर आणखी २०००. अर्जात 'यापूर्वी कधी नाव बदललं आहे का' असा प्रश्न असतो, तिथे 'होय' म्हणून जुनं नाव लिहायचं. 'नाही' म्हणून सुटका होत नाही, तिथे तुमचा जुना पासपोर्ट त्यांच्यासमोर असतोच. आई-वडिलांची नावं आहेत तशीच राहतात, पतीचं नाव वेगळ्या रकान्यात जातं. जुना पासपोर्ट कोपरा कापून परत मिळतो. त्यात चालू व्हिसा असेल तर तो टाकून देऊ नका. अमेरिकेसारख्या देशाचा व्हिसा जुन्या पासपोर्टात वैध राहतो. अशा वेळी दोन्ही पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्र असं सगळं बरोबर न्यावं लागतं.

मतदार यादीसाठी अर्ज क्रमांक ८. नाव आणि पत्ता दोन्हीसाठी तोच. अर्ज ६ नवीन मतदाराचा असतो, तो भरला तर दोन ठिकाणी नाव लागतं. लायसन्सचं काम सारथी पोर्टलवरून आरटीओत होतं. रेशनकार्डाला आधी माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो, त्याशिवाय सासरच्या कार्डात नाव चढत नाही. माहेर दुसऱ्या तालुक्यात असेल तर सणाला जाल तेव्हा तहसील कार्यालयातलं हे काम उरकून घ्यावं, एरवी त्यासाठी मुद्दाम जाणं होत नाही.

आता जे बदलायचं नाही ते. दहावी-बारावीचं प्रमाणपत्र, पदवी, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला हे सगळं जन्मनावावरच राहतं आणि राहू द्यायचं. शिकत असतानाची ओळख त्यांत नोंदलेली आहे, ती लग्नाने बदलत नाही. जात प्रमाणपत्र आणि वैधता प्रमाणपत्रही वडिलांकडून आलेल्या जातीचं असतं, म्हणून तेही लग्नापूर्वीच्या नावाचंच. स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरणाऱ्यांनी इथे सावध राहावं. अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे मागितलं असेल तर तेच लिहायचं आणि नाव बदलल्याची माहिती त्यासाठीच्या रकान्यात द्यायची. कागदपत्र पडताळणीला जाताना विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र फाइलीत सगळ्यात वर हवं. उमेदवार पात्र असूनही नावाच्या दुव्याचा कागद नाही म्हणून पडताळणी अडकते ती इथे.

माहेरच्या सातबाऱ्यावर किंवा फ्लॅटच्या करारात जुनं नाव आहे म्हणून हक्काला धक्का लागत नाही. मुलीचा वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क नावावर अवलंबून नाही. विक्रीची किंवा वाटणीची वेळ येईल तेव्हा दस्तात दोन्ही नावं लिहायची, 'लग्नापूर्वीचे नाव अमुक' असं. शासनाच्या मार्च २०२४ च्या निर्णयानुसार मालमत्तेच्या कागदावर विवाहित स्त्रीला लग्नापूर्वीच्या नावाने नोंद करायची मुभाही आहे. ॲग्रीस्टॅक या शासनाच्या शेतकरी नोंदणीतल्या ओळख क्रमांकासाठी मात्र सातबारा आणि आधार यांची नावं शेजारी ठेवून बघितली जातात. जमीन नावावर असेल तर तलाठ्याकडे अर्ज करून नावाचा फेरफार करून घेणं सोयीचं पडतं.

शेवटची गोष्ट बाळाच्या जन्मदाखल्याची, कारण तोवर नावबदल विसरूनही गेलेलं असतं. दवाखान्यात नाव नोंदवताना घरातलं कोणीतरी लग्नानंतरचं नाव सांगतं, आधार अजून जुन्या नावाचं असतं, आणि जन्मनोंदीत आईचं नाव भलतंच पडतं. बाळाच्या पासपोर्टच्या वेळी ते समोर येतं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम आहे. म्हणजे आईचं पहिलं नाव आता थेट मुलाच्या नावातच जातं. पहिलं नाव बदललेल्यांनी तर हे बाळंतपणाआधीच मार्गी लावावं. दवाखान्याच्या पहिल्या केसपेपरवर नाव आधारवरूनच लिहून घ्यायचं, आणि घरी जायच्या आधी जन्माच्या नोंदीसाठी जाणारा फॉर्म एकदा डोळ्यांखालून घालायचा.